तळ्यातले बारीक जीव आणि ताटातलं विष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठी जाते, कधी हर्सूल तलावावर, कधी एखाद्या पाझर तलावावर. जाळी पाण्यात फिरवली की काठावर माणसं जमतात. भोई बांधव, गुराखी, धुणं घेऊन आलेल्या बाया, शाळा सुटलेली पोरं, सगळे डोकावतात आणि विचारायला लागतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

या बाटलीत काय हलतंय?

तळ्याचं पाणी पांढऱ्या ताटलीत ओता, ऊन पाठीवर घ्या आणि दोन मिनिटं नुसतं बघा. आधी काहीच दिसणार नाही. मग एखादा कण आपणहून झटका देऊन वर उडेल आणि हळूच खाली येईल, पुन्हा उडेल. ही पाणपिसू. तिळाएवढी, बहुतेक वेळा त्याहूनही लहान. आपल्याकडच्या गरम पाण्यात तिचे मोइना, सिरिओडॅफ्निया, डायफॅनोसोमा हे प्रकार आणि डॅफ्नियाच्या लहान जाती सापडतात.

दुसरा एक जीव सरळ रेषेत सटकताना दिसेल. पुढे फुगीर, मागे निमुळता, कपाळाच्या मधोमध एकच डोळा. हा सायक्लॉप्स. मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या, खांद्यावर कावड घेतल्यासारख्या.

हे कवचधारी जीव, म्हणजे झिंगे आणि खेकड्यांचे नातलग. अंगावर कवच असतं आणि वाढायचं झालं की कात टाकावी लागते.

पाणपिसू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की ती आरपार दिसते. पाठीकडे हृदय धडधडत असतं, मिनिटाला दोनशेच्या वर ठोके. पाठीवरच्या पोकळीत अंडी किंवा पिल्लं. आणि तोंडापासून शेपटीपर्यंत एक वाकडी हिरवी रेघ. ती रेघ म्हणजे तिचं आतडं, शेवाळाच्या पेशींनी भरलेलं. पाण्यातलं विष जिवंत अन्नात शिरतं ते याच वाटेनं, म्हणून विद्यार्थ्यांना मी आधी ही रेघ दाखवते.

सायक्लॉप्स म्हणजे नारूचाच किडा ना?

साठी उलटलेली माणसं हे नेहमी विचारतात, आणि त्यांची आठवण बरोबर आहे. नारूची जंत-पिल्लं पाण्यात सुटली की सायक्लॉप्स ती गिळायचा. माणूस बारवेत उतरून पाणी प्यायला की सायक्लॉप्स पोटात जायचा, तो पचायचा आणि जंत मात्र जगायचा. साधारण वर्षभरानं पायाला फोड येऊन हातभर लांब दोरा बाहेर डोकवायचा. आग थांबावी म्हणून रोगी पुन्हा बारवेच्या पायरीवर पाय बुडवून बसायचा आणि जंत तिथंच हजारो पिल्लं सोडायचा. माझ्या आजीनं असा नारू काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढून काढला होता. घोट्याजवळचा तो व्रण मी लहानपणी बोटानं चाचपून बघायचे.

आजीचा पुढचा सगळा जन्म पाणी दुहेरी लुगड्यातून गाळण्यात गेला. नारू निर्मूलनाच्या मोहिमेचाही हाच पाया होता : पाणी गाळा, बारवेच्या पायऱ्या बंद करा, आणि पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम या प्रमाणात टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारा. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त जाहीर केला.

तो रोग गेला, पण त्यानं शिकवलेली गोष्ट आजही लागू आहे. पाण्यात दिसत नाही असा जीव स्वतः न मरता दुसऱ्याचं संकट पोटात घेऊन पुढच्याच्या पोटात पोचवू शकतो. नारूच्या जागी पारा किंवा डीडीटी हे जुनं कीटकनाशक ठेवा, वाट तीच राहते. फरक इतकाच की इथं लुगड्यातून पाणी गाळून भागत नाही, कारण विष माशातून येतं.

"मॅडम, पानी तर आरशावानी हाय, मग मासुळीत इख आलं कुठून?"

पैठणच्या बाजूला एका भोई काकांनी विचारलेला हा प्रश्न मी त्यांच्याच शब्दांत ठेवला आहे. याहून नेमका प्रश्न मला सुचला नसता.

पारा, डीडीटी, पीसीबी (विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलं जायचं ते रसायन) यांसारखी विषं पाण्यात इतकी विरळ असतात की पाण्याची चव, वास, रंग काही बदलत नाही. पण पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशी शेवाळाला ती चिकटतात किंवा पेशीच्या आत शिरतात. मिथाइल पारा म्हणजे गाळातल्या जिवाणूंनी बदललेलं पाऱ्याचं रूप. त्याच्या बाबतीत सगळ्यात मोठी उडी इथंच असते. पाण्याच्या तुलनेत शेवाळाच्या पेशीत तो लाखपट किंवा त्याहूनही जास्त साठलेला सापडतो. पाणपिसू हे शेवाळ दिवसरात्र गाळून खाते. छोटे मासे पाणपिसवा खातात, मोठे मासे छोट्यांना. प्रत्येक पायरीवर अन्नाचा बराचसा भाग श्वास आणि विष्ठेत निघून जातो, पण जे विष चरबीत किंवा मांसाच्या प्रथिनांत घट्ट बसतं ते मागं राहतं. दहा किलो खाद्यातून एक किलो मांस असा ढोबळ हिशेब धरला, तर दहा किलोतलं विष एका किलोत कसं गोळा होतं ते लक्षात येईल. शास्त्रात याला जैवविशालन म्हणतात. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण माशाच्या मांसालाही लागू पडते.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या क्लियर लेकचं आहे. तिथं चिलटांचा फार त्रास होता म्हणून १९४९, १९५४ आणि १९५७ साली सरोवरात डीडीडी हे डीडीटीचं भावंड टाकलं. शेवटच्या दोन खेपांना प्रमाण होतं पाच कोटी भाग पाण्याला एक भाग, म्हणजे ०.०२ पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग). माणसाला धोका नाही असंच सगळ्यांना वाटलं. मग आपल्या टिबुकलीच्या कुळातले मोठे पाणपक्षी पटापट मरू लागले. तपासलं तेव्हा प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांत, सुमारे ५ पीपीएम सापडलं, माशांत त्याहून कितीतरी जास्त, आणि पक्ष्यांच्या चरबीत १६०० पीपीएमपर्यंत. पाण्याशी तुलना केली तर ऐंशी हजारपट. हजाराहून जास्त जोड्या घरटी करायच्या त्या सरोवरावर १९६० च्या सुमारास जेमतेम तीसेक जोड्या उरल्या होत्या. पाणी तेव्हाही आरशासारखंच होतं.

किडे विष "वाहून नेतात" म्हणजे नक्की काय करतात?

चार-पाच वेगवेगळी कामं करतात, आणि सगळीच आपल्या नजरेआड.

पहिलं काम गाळण्याचं. पाणपिसूच्या पायांना बारीक केसांच्या झालरी असतात. पाय हलवून ती कवचाच्या आतून पाण्याचा प्रवाह ओढते आणि झालरीत अडकलेलं सगळं तोंडाकडे ढकलते. निवडून खाणं तिला फारसं जमत नाही. शेवाळ, जिवाणू, मातीचे कण, जे आकारात बसेल ते जातं. मराठवाड्यात हे फार महत्त्वाचं आहे. आपली काळी माती म्हणजे धातूंचे आणि काही कीटकनाशकांचे कण धरून ठेवणारी माती. पहिल्या पावसानंतर तलाव चहासारखा होतो तेव्हा पाणपिसू शेवाळाबरोबर ही मातीही गिळत असते, मातीला चिकटलेलं जे काही असेल त्यासकट.

दुसरं काम साठवण्याचं. या जिवांच्या अंगात तेलाचे बारीक थेंब असतात, सूक्ष्मदर्शकाखाली पिवळसर चमकतात. चरबीत विरघळणारी विषं त्यात जाऊन बसतात. मादी अंडी घालते तेव्हा तेल अंड्यात जातं आणि त्याच्यासोबत विषाचा वाटाही.

तिसरं, चढउताराचं. खोल सरोवरांत हे जीव दिवसा खाली अंधारात दडतात, कारण उजेडात मासे त्यांना टिपतात. रात्री वर येऊन चरतात. वर खाल्लेलं खाली नेऊन टाकतात आणि तळाजवळ घेतलेलं वर आणतात.

चौथं, कात आणि विष्ठा. कवचावर बसलेले धातू कातेबरोबर गळून तळाशी जातात. तिथं गाळातल्या अळ्या आणि तळाचे मासे ते उचलतात. म्हणजे विष तळ्यातून गेलं नाही, फक्त मजला बदलला. कात टाकल्यावर नवं कवच घट्ट करायला कॅल्शियम लागतं आणि हे जीव ते पाण्यातून भराभर ओढतात. कॅडमियम आकारानं कॅल्शियमच्या इतका जवळचा आहे की त्याच दारानं आत शिरतो. पाणी जड असेल तर कॅल्शियमची गर्दी असते आणि कॅडमियमला आत जायला कमी वाव मिळतो. म्हणून एकाच मात्रेचा धातू मऊ पाण्यात जास्त घातक ठरतो.

आणि शेवटचं काम, खाल्लं जाण्याचं. नाथसागरावर हिवाळ्यात रोहित पक्षी आले की त्यांचा गुलाबी रंग बघा. तो रंग त्यांच्या अंगात तयार होत नाही. मूळ रंगद्रव्य शेवाळाचं, शेवाळातून बारीक कवचधारी जिवांत, तिथून पक्ष्याच्या पिसांत. तळ्याच्या पाण्यातून आभाळात उडणाऱ्या पंखापर्यंत एखादा पदार्थ कसा चढतो, हे डोळ्यांनी दिसण्याची ही एकच जागा मला माहीत आहे. विष याच जिन्यानं चढतं, त्याला रंग नसतो एवढंच.

सगळी विषं अशीच चढतात का?

नाही, आणि इथं बहुतेक बातम्या घोळ घालतात. मिथाइल पारा, डीडीटी, पीसीबी ही चढणारी विषं. शिसं आणि कॅडमियम पाणपिसूत किंवा खेकड्यात भरपूर साठतात, पण माशाच्या मांसापर्यंत पोचताना बहुधा कमी होत जातात. निळ्या-हिरव्या शेवाळाचं मायक्रोसिस्टिन हे विष खालच्या पायऱ्यांवर सापडतं, वर वाढत जात नाही. तांबं आणि जस्त हे जीव बऱ्याच अंशी स्वतःच आवरतात, तांबं तर खेकड्याच्या रक्तालाच लागतं.

पाऱ्याचं तर दोन रूपांत दोन वेगळे स्वभाव. साधा पारा शेवाळाच्या पेशीच्या आवरणाला चिकटून राहतो. मिथाइल पारा पेशीच्या आतल्या रसात जातो. प्लवक खाणारे जीव रस पचवतात आणि आवरणाचा बराचसा भाग विष्ठेत टाकतात. म्हणून एका घासातला मिथाइल पारा अंगी लागतो, साधा पारा बराचसा बाहेर पडतो. पाण्यातल्या एकूण पाऱ्यात मिथाइल पारा थोडासाच असतो, पण मोठ्या माशाच्या मांसात जवळजवळ सगळाच पारा मिथाइल निघतो. ही निवड करणारी चाळणी म्हणजे हेच बारीक जीव.

आमच्या भागात पाऱ्याचा कारखाना नाही. मग पारा कुठून?

दगडी कोळशात अत्यल्प पारा असतो. कोळसा जळाला की तो वाफ होऊन हवेत जातो, लांबवर फिरतो आणि पावसाबरोबर खाली येतो. औष्णिक वीज केंद्र परळीचं असो की शेकडो किलोमीटर दूरचं, पाऊस जिथं पडतो तिथलं तळं त्याचा वाटेकरी. त्यात शहराचं सांडपाणी, फुटलेले थर्मामीटर, ट्यूबलाइट, बटणाएवढे सेल.

तळ्यात पडलेला पारा गाळात जातो. तिथं प्राणवायू नसलेल्या थरात काही जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. सांडपाणी जास्त म्हणजे कुजणारं जास्त, प्राणवायू कमी, आणि हे काम जोरात. मैलापाणी आणि पारा हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण तळाच्या गाळात ते एकमेकांना गाठतात.

दुष्काळात तळं आटलं की विषही संपतं ना?

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांना आठवत असेल. अशा वेळी तळ भेगाळतो आणि वाटतं, इथलं सगळं मेलं.

मेलेलं नसतं. पाणी आटायला लागलं की पाणपिसू एरवीची अंडी सोडून टणक कवचातली अंडी घालते. काळपट, घोड्याच्या खोगिरासारख्या आकाराची. ती गाळात उन्हातान्हात पडून राहतात आणि पाणी आलं की फुटतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका सरोवराच्या गाळातून शास्त्रज्ञांनी सहाशे-सातशे वर्षांपूर्वीची अंडी काढून उबवली आहेत. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन आठवड्यांत तळं पाणपिसवांनी पुन्हा गजबजतं ते यामुळे.

विषही तिथंच थांबलेलं असतं. पाणी आटताना ते उरलेल्या डबक्यात दाट होतं, आणि नेमके त्याच डबक्यात मासे, झिंगे, बगळे गर्दी करतात. गाळ वाळून पुन्हा भिजला की मिथाइल पारा बनवणाऱ्या जिवाणूंना नवा जोर येतो. जलाशयाची पातळी वारंवार वरखाली होणं हे माशांतला पारा वाढण्याचं एक कारण म्हणून जगभर नोंदलं गेलं आहे, आणि नव्यानं बुडालेल्या जमिनीवरच्या जलाशयांत ते कॅनडात १९७० च्या दशकापासून दिसलं. आपली धरणं एका वर्षी काठोकाठ, दुसऱ्या वर्षी मृतसाठ्यात. मराठवाड्यात हा प्रश्न बाहेरच्या पुस्तकातला समजून सोडून देऊ नये, असं मी म्हणते ते याचसाठी.

"गाळमुक्त धरण"चा गाळ शेतात टाकू की नको?

टाका, धरणातला गाळ काढून शेतात टाकायची ही सरकारी योजना चांगली आहे. धरणाची साठवण वाढते, माळरानाला माती मिळते. गावाच्या वरच्या अंगाला शेती आणि गायरान एवढंच असेल तर काळजीचं कारण फारसं नाही. पण शहराचं गटार, कारखान्याचा नाला किंवा वर्षानुवर्षं रंगीत मूर्तींचं विसर्जन जिथं झालं आहे, तिथला गाळ आधी प्रयोगशाळेत शिसं, कॅडमियम, क्रोमियम आणि पाऱ्यासाठी तपासून घ्या. मूर्तींच्या रासायनिक रंगांबद्दल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं २०१० पासून आहेत, २०२० मध्ये ती सुधारली गेली. पालेभाज्यांच्या वाफ्यात असा गाळ न तपासता तर मुळीच नको.

कपाशीच्या फवारणीचं औषधही असंच माशात साठतं का?

आजची बहुतेक औषधं माशात साठण्याआधी पाणपिसूलाच मारतात. कारण साधं आहे. बोंडअळी, मावा, पाणपिसू आणि झिंगा हे सगळे संधिपाद, एकाच मोठ्या कुळातले. जे औषध किड्याच्या मज्जातंतूंवर चालतं ते पाणपिसूवरही चालतं. पायरेथ्रॉइड गटातली औषधं तर लिटरला एक मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी मात्रेत हे जीव संपवतात. अळीला कात टाकू न देणारी औषधं पाणपिसूचीही कात अडवतात.

जुनी औषधं वेगळी होती. डीडीटीवर शेतीसाठी १९८९ मध्ये बंदी आली, एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये. डीडीटीसारखी औषधं गाळात दशकानुदशकं टिकतात.

पाणपिसू मेली की पुढं काय होतं ते मी जवळून बघितलं आहे. एका गावतळ्यात फवारणीचे पंप धुतले जायचे. एके दिवशी सकाळी मासे वर आले. मी पोचले तेव्हा जाळीत सायक्लॉप्सची चार-दोन पिल्लं होती, पाणपिसू एकही नाही. पंधरा दिवसांनी तेच तळं हिरवंगार झालं, कारण शेवाळ खाणारं कुणी उरलं नव्हतं. लोक म्हणाले, खताचं पाणी आलं. खत आलंही असेल, पण चरणारी गुरं गेल्यावर गवत माजतं तसंच हे.

पंप, बादल्या, रिकाम्या बाटल्या तळ्यात किंवा विहिरीजवळ धुऊ नका. धुतलेलं पाणी बांधापासून दूर, ज्या पिकावर फवारलं त्याच पिकात मोकळं करा.

मग हिरवं पाणी वाईटच?

इथं एक उलटी वाटणारी गोष्ट आहे. शेवाळ खूप वाढलं तर तेवढाच पारा जास्त पेशींत वाटला जातो, प्रत्येक पेशीच्या वाट्याला कमी येतो आणि पाणपिसूतही कमी साठतो. अमेरिकेतल्या प्रयोगांत हे २००२ मध्ये स्पष्ट दिसलं. चांगलं खाऊन भराभर वाढणाऱ्या पाणपिसूतही वजनाच्या मानानं पारा कमी असतो. पण हा आधार फसवा आहे. शेवाळ मरून तळाशी कुजलं की प्राणवायू संपतो आणि गाळात मिथाइल पारा बनायला मोकळं रान मिळतं. निळ्या-हिरव्या शेवाळाचं स्वतःचं विष निराळंच. त्यामुळे तळं हिरवं व्हावं अशी इच्छा कुणी धरू नये.

पाणी गुलाबी-तांबूस दिसलं तर मात्र वाकून बघा. प्राणवायू कमी झाला की डॅफ्निया आणि मोइना अंगात हिमोग्लोबिन वाढवतात आणि लाल होतात. तळं गुदमरत असल्याची ती खूण आहे.

तलावात कोळंबीचं बीज सोडलं तर मासे पोसतील ना?

पोसतील, पण साखळीत एक पायरी वाढते का ते पाहावं लागतं. उत्तर अमेरिकेत मासे पोसावेत म्हणून अनेक सरोवरांत मायसिस नावाची बारीक कोळंबी सोडली. मोंटाना राज्यातल्या फ्लॅटहेड सरोवरात ती वरच्या सरोवरांतून वाहत आली आणि १९८१ मध्ये पहिल्यांदा सापडली. तिनं पाणपिसवा खाऊन टाकल्या आणि ज्या माशांसाठी खटाटोप होता तेच १९८० च्या दशकाअखेर कोसळले. शिवाय कॅनडातल्या सरोवरांच्या अभ्यासात दिसलं की जिथं मायसिस आहे तिथं अन्नसाखळी लांब, आणि मोठ्या ट्राउट माशांत पारा आणि पीसीबी जास्त. आपल्याकडची कोळंबी वेगळी, ती शेवाळापासून मेलेल्या माशापर्यंत सगळं खाते, म्हणून तोच निकाल जसाच्या तसा लागू होणार नाही. पण बीज सोडण्याआधी तळ्यात आज कोण कुणाला खातं एवढं तरी बघून घ्यावं.

पाण्याचा अहवाल "मर्यादेत" आहे. तरी काळजी करायची?

पिण्याच्या पाण्यासाठी पाऱ्याची भारतीय मानक मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे एक मायक्रोग्रॅम आहे. पिण्यासाठी ती ठीक. पण कॅनडा आणि स्वीडनमधल्या अनेक निर्मळ सरोवरांत पारा याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे, तरी तिथले मोठे मासे किती खावेत यावर सरकारी सूचना आहेत. पाणी पास आणि मासा नापास, हे सहज घडतं.

वर सांगितलेल्या गावतळ्याचा नमुना घ्यायला माणूस पाचव्या दिवशी आला. मधे एक पाऊस पडून गेला होता. अहवालात सगळे घटक मर्यादेत निघाले आणि प्रकरण तिथंच संपलं. पाण्याचा नमुना त्या घटकेचं सांगतो. गाळ अनेक वर्षांचं सांगतो, आणि मासा त्याच्या आयुष्यभराचं. म्हणून ग्रामपंचायतीनं किंवा मच्छीमार संस्थेनं तपासणी मागायची तर तीन गोष्टी मागाव्यात : काठाचा आणि खोलीचा गाळ, एक मोठा मरळ किंवा शिवडा, आणि जाळीत आलेले प्लवक. मासे मेले तर त्याच दिवशी दोन-चार मासे पिशवीत बांधून बर्फात किंवा फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवा, दिवस आणि वेळ लिहून.

मग मासे खायचे की सोडायचे?

खायचे. मासे हे गरिबाघरचं उत्तम प्रथिन आहे आणि भोई कुटुंबांची रोजीरोटी आहे. घाबरून मासे सोडणं हा उपाय नव्हे, निवड करणं हा आहे.

हिशेब असा. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २००३ मध्ये मिथाइल पाऱ्याची आठवड्याची मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ठरवली. पोटातल्या बाळाचा मेंदू जपावा म्हणून ती एवढी कडक आहे. ५० किलोच्या बाईला आठवड्याला ८० मायक्रोग्रॅम. समजा एखाद्या माशाच्या मांसात किलोला ०.१ मिलिग्रॅम मिथाइल पारा आहे, तर ती आठवड्याला ८०० ग्रॅम खाऊ शकते. दुसऱ्या माशात ०.५ मिलिग्रॅम असेल तर फक्त १६० ग्रॅम. बाजारात दोन्ही मासे सारखेच ताजे दिसतात.

म्हणून कोणता मासा काय खातो ते बघायचं. रोहू शेवाळ-वनस्पतींवर, कटला वरच्या थरातल्या प्लवकांवर जगतो. यांत पायऱ्या कमी, त्यामुळे पारा सहसा कमी. मरळ, शिवडा, वाम हे इतर मासे आणि जीव खाणारे, त्यातही जितका मोठा आणि जुना मासा तितका साठा जास्त. गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलांसाठी छोटी रोहू-कटला घ्या आणि मोठा शिकारी मासा टाळा, विशेषतः शहराच्या किंवा कारखान्यांच्या खालच्या अंगाच्या पाण्यातला. बाळंतिणीला ताकद यावी म्हणून मोठा मरळ आणण्याची आपल्याकडे माया आहे, ती माया मी जाणते. पण शक्य असेल तर लहान मरळ आणा, आणि शेतातल्या स्वच्छ तळ्यातला आणा.

उकळून, तळून, आंबट घालून पारा जात नाही, तो मांसातच बांधलेला असतो. डीडीटी-पीसीबी चरबीत असतात, म्हणून कातडी आणि पोटाची चरबी काढली तर ती थोडी कमी होतात. खेकड्याच्या पाठीतला पिवळा गर चवदार लागतो, पण कॅडमियम तिथंच साठतं. संशयाच्या पाण्यातल्या खेकड्याचा तो गर काढून टाका, नांगीतलं मांस खा.

आरओ लावलं की प्रश्न मिटतो?

पिण्यापुरता. माशातलं विष आरओतून येत नाही आणि आरओनं जातही नाही.

प्लास्टिकही हे किडे खातात का?

खातात. पाणपिसूच्या आतड्यात प्लास्टिकचे सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. आयर्लंडमधल्या कॉर्क इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की गॅमॅरस नावाचा गोड्या पाण्यातला कवचधारी जीव पॉलिथिनचे कण चार दिवसांच्या आत त्याहून बारीक कणांत फोडतो. नदीत टाकलेली पिशवी कधीतरी नुसत्या उन्हानं विरेल, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

शाळेत किंवा घरी आम्हाला हे बघता येईल?

येईल, आणि मुलांना घेऊनच बघा. जुन्या ओढणीचा किंवा मलमलीच्या कापडाचा शंकू शिवा, तोंडाला तारेचं कडं, टोकाला छोटी काचेची बाटली दोऱ्यानं बांधा. काठावरून, एक मोठं माणूस सोबत असताना, पाण्यात हळू ओढा. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळताना जास्त जीव मिळतात. बाटली पांढऱ्या ताटलीत रिकामी करा आणि साध्या भिंगातून बघा. महिन्यातून एकदा, त्याच जागी, तारीख टाकून वहीत लिहा : पाणपिसवा भरपूर, थोड्या की एकही नाही, रंग फिका की तांबडा, अंडी दिसली का.

आठवी-नववीच्या मुलांना पुढचा प्रयोगही जमतो. जगभरच्या प्रयोगशाळांत पाण्याची विषारकता तपासायला डॅफ्निया ४८ तास त्या पाण्यात ठेवून किती हलेनाशा होतात ते मोजतात. शाळेत प्रमाणित जात मिळणार नाही, पण चांगल्या तळ्यातल्या दहा पाणपिसवा चांगल्या पाण्यात आणि दहा संशयाच्या नाल्याच्या पाण्यात, दोन सारख्या ग्लासांत सावलीला ठेवता येतात. ग्लास हळूच फिरवल्यावर पंधरा सेकंदांत जी हलली नाही ती मोजायची. हा काही न्यायालयात चालणारा पुरावा नाही. पण नाल्याच्या ग्लासातल्या दहापैकी आठ तळाशी पडलेल्या दिसल्या, तर ती वही घेऊन ग्रामसभेत उभं राहता येतं, आणि गाळ तपासा असं म्हणता येतं. प्रयोग संपला की चांगल्या पाण्यातल्या पाणपिसवा ज्या तळ्यातून आणल्या त्याच तळ्यात सोडा. नाल्याचा ग्लास तळ्यात ओतू नका.